दोरी कोण ओढणार? फ्रीमाँटचा कारखाना आणि ‘राष्ट्रीय संस्कृती’ नावाचं कोडं

आजचा विषय कागदावर फार भारदस्त दिसतो: राष्ट्रीय संस्कृतीचा आंतरराष्ट्रीय उद्योगांच्या व्यवस्थापनावर होणारा परिणाम. या विषयावर साधारण काय बोललं जातं ते तुम्ही ऐकलंच असेल. जपानी माणसाला व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावं, जर्मन माणसाकडे पाच मिनिटंही उशिरा जाऊ नये, अमेरिकन साहेबाने पहिल्याच भेटीत नुसत्या नावाने हाक मारली तर वाईट वाटून घेऊ नये. हे सगळं बरोबर आहे, उपयोगाचंही आहे, पण ते विमानात बसल्यावर वाचायचं. मला आज एका कारखान्याची गोष्ट सांगायची आहे, कारण ‘संस्कृती’ या शब्दाची परीक्षा इतक्या कडकपणे दुसरीकडे कुठे झाली असेल असं मला वाटत नाही.

हा कारखाना कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराजवळ फ्रीमाँट या गावात. १९६० च्या दशकात जनरल मोटर्सने तो बांधला आणि १९८२ मध्ये बंद केला. बंद केला तेव्हा फार कोणाला आश्चर्य वाटलं नाही, कारण जनरल मोटर्सच्या सगळ्या कारखान्यांत याचं नाव सगळ्यात खराब. कुठल्याही साध्या दिवशी पाचातला एक कामगार गैरहजर. युनियनला न विचारता होणारे अचानक संप. तक्रारींचा ढीग इतका, की न सोडवलेल्या तक्रारींची संख्या कधीकधी पाच हजारांच्या वर जायची. कामावर दारू चालायची, आणखीही बरंच काही चालायचं. काही जण मुद्दाम गाडीच्या दरवाज्यात बाटली किंवा नटबोल्ट टाकून दरवाजा बंद करायचे, म्हणजे गिऱ्हाइकाला आयुष्यभर खडखडाट ऐकू यावा. व्यवस्थापनाचं मत असं, की ही माणसंच वाईट. माणसांचं मत असं, की व्यवस्थापन आपल्याला माणूसच समजत नाही. दोघांचा अनुभव खरा होता, हेच तिथलं दुखणं.

इथे टोयोटा येते. १९८१ पासून जपानने अमेरिकेत पाठवायच्या गाड्यांवर स्वतःहून मर्यादा घातली होती. ‘स्वतःहून’ म्हणजे कसं, ते तुम्हाला कळतं. तेव्हा टोयोटाला अमेरिकेत गाडी बनवून बघायची होती, आणि एक धास्ती होती: आपली पद्धत अमेरिकन माणसांच्या हातून चालेल का? जनरल मोटर्सला छोटी गाडी नफ्यात बनवता येत नव्हती, आणि जपान्यांचं गुपित काय आहे ते बघायचं होतं. १९८३ च्या फेब्रुवारीत करार झाला. बंद पडलेला फ्रीमाँटचा कारखाना दोघांनी मिळून चालवायचा, त्याचं नाव न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग, थोडक्यात ‘नुमी’. कारखाना चालवायचा टोयोटाने. पहिला अध्यक्ष टोयोडा घराण्यातलाच, तात्सुरो टोयोडा.

आणि कामगार? इथेच खरी गंमत आहे. कामगार संघटनेशी बोलणी होऊन ठरलं की जुन्याच माणसांना परत घ्यायचं. नव्या कारखान्यातल्या सुरुवातीच्या कामगारांपैकी सुमारे ८५ टक्के त्या जुन्या, बदनाम फ्रीमाँटचे होते. युनियनचे पुढारीही तेच. म्हणजे एखाद्या शास्त्रज्ञाने प्रयोग आखावा तसं झालं. गाव तेच, माणसं तीच, संघटना तीच. बदलली ती कारखाना चालवायची रीत.

गटप्रमुख आणि टोळीप्रमुख अशा साडेचारशे लोकांना तीन आठवड्यांसाठी जपानला, टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात पाठवलं. त्यांनी तिथे पाहिलेल्या सगळ्या गोष्टींत एक त्यांच्या मनावर कोरली गेली: कामगाराच्या डोक्यावर लोंबणारी दोरी. काम करताना काही चुकलं, बोल्ट नीट बसला नाही, सुटा भाग वेडावाकडा आला, तर कामगाराने दोरी ओढायची. वर दिवा लागतो, सूर वाजतो, गटप्रमुख धावत येतो. तो येऊन काय विचारतो? ‘कोणी केलं?’ असं नाही विचारत. काय अडलंय ते विचारतो आणि मदत करायला लागतो. गाडी त्या टप्प्याच्या टोकाशी पोहोचेपर्यंत अडचण सुटली तर ठीक, नाही सुटली तर अख्खी रांग थांबते. जुन्या फ्रीमाँटमध्ये रांग थांबवणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं होतं. माणूस पडला तरी रांग चालू राहायची. या लोकांनी नंतर सांगितलेल्या आठवणींत असं आहे, की जपानहून निघताना निरोपाच्या समारंभात दोन्हीकडचे लोक रडले. दणकट मोटार कामगार, वीस वर्षं साहेबाशी भांडलेले. कोणीतरी ‘तुला काय मदत करू?’ असं विचारलेलं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं.

१९८४ च्या डिसेंबरात पहिली गाडी बाहेर पडली. १९८६ संपेपर्यंत नुमीची उत्पादकता जनरल मोटर्सच्या कुठल्याही कारखान्यापेक्षा जास्त आणि जुन्या फ्रीमाँटच्या दुप्पटीहून अधिक झाली होती. गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर आली. पॉल अ‍ॅडलर या अभ्यासकाने तिथे बराच काळ राहून काम केलं, त्याचं लिखाण या बाबतीत सगळ्यांत विश्वासार्ह. तो सांगतो की घड्याळ लावून कामाचं माप काढणं, ज्याचा कामगाराला जन्मजात राग, ते नुमीत चालूच होतं. फरक एवढाच की घड्याळ इंजिनीअरच्या हातातून काढून कामगारांच्या टोळीच्या हातात दिलं होतं. साहेबांसाठी वेगळी पार्किंगची जागा नाही, वेगळं कँटीन नाही. पूर्वी कामांचे ऐंशीच्या आसपास वेगवेगळे हुद्दे होते, ते मोडून उत्पादनात एकच ठेवला.

आता आपल्या विषयाकडे येतो. ही गोष्ट घडत होती त्याच सुमारास ‘राष्ट्रीय संस्कृती’ मोजण्याचं शास्त्र जन्माला आलं होतं. हेर्ट होफ्स्टेडे नावाचा एक डच गृहस्थ. शिक्षणाने यांत्रिकी अभियंता, नंतर आयबीएममध्ये कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणाच्या कामात. १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या देशोदेशीच्या शाखांत भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्या त्याच्या हाती होत्या. १९८० मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि त्यात चाळीस देशांना गुण दिलेले होते, चार फूटपट्ट्यांवर: सत्तेतलं अंतर किती खपवून घेता, व्यक्ती मोठी की गट मोठा, अनिश्चिततेची भीती किती, आणि स्पर्धा हवी की सांभाळून घेणं हवं. पुढे आणखी दोन फूटपट्ट्या आल्या. आज जगातल्या कुठल्याही एमबीएच्या वर्गात तुम्ही गेलात तर हे तक्ते भिंतीवर असतात.

तक्ता बघा. व्यक्तिवादात अमेरिका ९१, म्हणजे सगळ्यांत वर. जपान ४६. या तक्त्यावर विसंबून कोणी १९८३ मध्ये टोयोटाला सल्ला दिला असता, तर काय दिला असता? बाबांनो, जाऊ नका. गटाने काम करायची तुमची पद्धत या माणसांना मानवणार नाही. आणि तसा सल्ला देणारे होतेच. पण फ्रीमाँटच्या त्या ९१ गुणवाल्या अमेरिकनांनी दोन वर्षांत करून दाखवलं.

तक्त्यातली आणखी एक गोष्ट आपल्यासाठी गमतीची आहे. व्यक्तिवादात भारताचे गुण किती? ४८. जपानचे ४६. म्हणजे या फूटपट्टीवर नागोया आणि नागपूर शेजारी आहेत! (हशा) तुम्ही हसताय, पण यावरून काही व्यवस्थापक खरोखर निष्कर्ष काढतात. टीकाही झाली आहे. २००२ मध्ये ब्रेंडन मॅकस्वीनी या अभ्यासकाने होफ्स्टेडेच्या आकड्यांची चांगलीच झाडाझडती घेतली. एकाच कंपनीचे कर्मचारी, त्यांच्यावरून अख्ख्या देशाचं मन कसं कळणार, हा त्याचा साधा प्रश्न होता. काही देशांत तर उत्तरं देणारे शेदोनशेसुद्धा नव्हते. मला स्वतःला होफ्स्टेडे पूर्ण टाकाऊ वाटत नाही. देशादेशांत फरक असतात, ते त्याने मोजायचा प्रयत्न केला. पण फोटो आणि जन्मपत्रिका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याने एका काळाचा फोटो काढला आणि लोकांनी त्याची पत्रिका करून टाकली.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला इथेच बोलायचं आहे. जपानी माणूस कष्टाळू, शिस्तीचा, कंपनीला वाहून घेतलेला, हे आज आपण गृहीत धरतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काय गृहीत होतं? जपानमध्ये बरीच वर्षं राहिलेला सिडनी गुलिक हा अमेरिकन मिशनरी १९०३ च्या आपल्या पुस्तकात नोंदवतो, की बरेच जपानी आळशी वाटतात आणि वेळेची त्यांना पर्वा नसते. १९१५ च्या सुमारास एका ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने जपानी कारखाने पाहून साधारण हेच मत दिलं होतं: ही निवांत, अल्पसंतुष्ट माणसं आहेत आणि सवयी इतक्या मुरलेल्या आहेत की बदलणं अशक्य. जपानच्या कापडगिरण्यांत खेड्यांतून आणलेल्या मुली वसतिगृहांत कोंडून ठेवाव्या लागत, कारण त्या पळून जात. १९०३ मध्ये तिथल्या सरकारनेच कामगारांच्या स्थितीची जी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात हे सगळं आहे. ‘जन्मभर एकच कंपनी’ ही जर जपानी रक्तातली गोष्ट असेल, तर या मुलींच्या रक्तात ती कुठे गेली होती?

बरं, टोयोटातच बघा. १९४९-५० मध्ये कंपनी बुडायला आली होती. पगार थकले, कपात आली, मोठा संप झाला. दीड हजारांहून जास्त माणसं गेली आणि त्याची जबाबदारी घेऊन संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी १९५० मध्ये अध्यक्षपद सोडलं. त्यानंतर लगेच कोरियाचं युद्ध सुरू झालं, अमेरिकन लष्कराने ट्रकची मागणी नोंदवली आणि कंपनी वाचली. राहिलेल्या कामगारांशी पुढे जो समझोता झाला, नोकरी टिकवू पण कामात लवचीक राहा, त्यातून ती प्रसिद्ध निष्ठा उभी राहिली. तो भांडणानंतरचा तह होता. त्याला प्राचीन परंपरेचा मुलामा मागून दिला गेला.

आणि पद्धती कुठून आल्या? १९५० मध्ये एड्वर्ड्स डेमिंग नावाचा अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जपानी अभियंत्यांना गुणवत्ता नियंत्रण शिकवायला गेला. १९५१ पासून त्याच्या नावाचं पारितोषिक सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घाईघाईने नवे कामगार तयार करण्यासाठी एक प्रशिक्षणक्रम बनवला होता, ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’. युद्ध संपल्यावर अमेरिकेत तो विसरला गेला, जपानमध्ये टोयोटाने १९५१ मध्ये उचलला. एइजी टोयोडा १९५० मध्ये फोर्डचा कारखाना बघून आले आणि तिथली कामगारांकडून सूचना मागवण्याची पेटी घेऊन आले. ताइइची ओनो यांनी लागेल तेवढाच माल लागेल तेव्हाच आणायची कल्पना अमेरिकन सुपरमार्केटवरून घेतली, हे त्यांनी स्वतः सांगितलंय. म्हणजे १९८४ मध्ये फ्रीमाँटच्या कामगारांना ‘जपानी संस्कृती’ म्हणून जे दाखवलं, त्यातलं बरंचसं त्यांच्याच देशातून गेलेलं होतं.

राहता राहिली ती दोरी. ती मात्र टोयोटाची घरची आहे, पण तिचं मूळ ना कन्फ्यूशियसमध्ये, ना झेनमध्ये. ते आहे मागात. किइचिरोंचे वडील साकिची टोयोडा मागाचे कारागीर. त्यांनी असा माग बनवला की धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. खराब कापड विणत राहण्यापेक्षा थांबलेलं बरं. १९२४ चा त्यांचा स्वयंचलित माग इतका सरस होता, की इंग्लंडच्या ओल्डहॅममधल्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने १९२९ मध्ये त्याचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. प्लॅट ब्रदर्स हे नाव इथे बसलेल्या काही लोकांनी घरात ऐकलं असेल. आपल्या गिरणगावात त्यांची यंत्रं किती तरी वर्षं धडधडत होती.

तर आता थोडा वेळ परळ-लालबागला येऊ या, कारण हाच प्रश्न आपल्याकडे साठ वर्षं आधी विचारला गेला होता. १९२० च्या दशकात जपानी कापडाने मुंबईच्या गिरण्यांना घाम फोडला. १९२६-२७ मध्ये टॅरिफ बोर्डासमोर मालकांनी गाऱ्हाणं मांडलं: जपानमध्ये बायका रात्रपाळी करतात, तिथला कामगार जास्त यंत्रं सांभाळतो, आमचा सांभाळत नाही. आमचा कामगार सुगीला गावी पळतो, जागेवर थांबत नाही, बदलीवर माणसं घ्यावी लागतात. म्हणजे दोष कोणाचा? हवामानाचा आणि स्वभावाचा. मग उपाय म्हणून ससून गटाच्या गिरण्यांपासून ‘कार्यक्षमता योजना’ सुरू झाली. साचेवाल्याने दोनऐवजी तीन साचे बघायचे, कताई खात्यातल्या कामगाराने दुप्पट काम बघायचं, आणि उरलेली माणसं घरी.

१९२८ च्या एप्रिलमध्ये जो सार्वत्रिक संप पेटला, तो ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार, सहा महिने. कामगारांचं उत्तर साधं होतं: तीन साचे बघायला आमची ना नाही, पण कापूस कुठला देता? हलक्या कापसाचं सूत घटकेत तुटतं. जुना साचा. धागा तुटला तरी तो आपोआप थांबत नाही, डोळ्यांत तेल घालून माणसालाच बघावं लागतं. टोयोडाचा माग द्या आणि मग किती साचे ते बोला. हे शेवटचं वाक्य माझं आहे, त्यांचं नाही, पण मुद्दा त्यांचाच होता. जपानशी तुलना करताना मालकांनी कामगाराचा वेग मोजला, कापूस आणि यंत्र मोजायचं राहून गेलं.

पण थांबा. मग संस्कृती वगैरे काही नसतंच का? असं म्हणून मी मोकळा होऊ शकत नाही, कारण त्याच १९२८ च्या संपात एक गोष्ट पुढे आली. गिरणीच्या साचाखात्यात पगार सगळ्यांत चांगला, आणि तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. विटाळ. हा नियम ओल्डहॅमच्या यंत्राबरोबर आला नव्हता. तो कोणत्याही मालकाने फलकावर लिहिला नव्हता. सवर्ण कामगारांनी तो पाळला, जॉबरने चालवला आणि मालकांनी चालू दिला, कारण खात्यात शांतता हवी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या वेळी हा प्रश्न पुढाऱ्यांना स्पष्ट विचारला: तुमच्या मागण्यांत आमच्या माणसांना साचाखात्यात घेण्याची मागणी आहे का? कामगारपुढाऱ्यांना तो अवघड गेला. माझ्या मते संस्कृतीचा व्यवस्थापनावर परिणाम म्हणतात तो हा. तो व्हिजिटिंग कार्डात दिसत नाही. कोण कुठल्या खात्यात जाणार, कोणाच्या हाताला कोणता पगार, हे ज्या न लिहिलेल्या नियमाने ठरतं आणि ज्याला सगळे ‘आपल्याकडे असंच असतं’ म्हणतात, तिथे तो असतो. आणि ‘आपल्याकडे’ म्हणजे राष्ट्राकडे नव्हे, हेही लक्षात घ्या. धोट्याचा विटाळ हा अख्ख्या देशाच्या सरासरी गुणांत कुठे दिसणार? ४८ मध्ये तो कुठे आहे?

परत अमेरिकेत जाऊ. नुमी यशस्वी झाल्यावर जनरल मोटर्सने काय केलं? लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइस कारखान्यात तीच पद्धत आणायचा प्रयत्न केला. देश तोच, राज्यही तेच. पण तिथे ती रुजली नाही. तिथल्या कामगारांना आपली ज्येष्ठता गमावायची भीती, मधल्या साहेबांना अधिकार जाण्याची भीती, आणि वरून हिशेब अजून ‘किती गाड्या काढल्या’ याचाच. दोऱ्या टांगल्या, पण ओढल्या की साहेब चिडायचा. १९९२ मध्ये तो कारखाना बंद झाला. जनरल मोटर्सला नुमीतलं शहाणपण सगळीकडे पसरवायला इतकी वर्षं लागली, की तोवर फार उशीर झाला होता.

दोरी टांगायला खर्च नाही हो. काही वर्षांपूर्वी आपल्या चाकण पट्ट्यातला एक कारखाना बघायला गेलो होतो, नाव नको. प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर झकास पिवळी दोरी. मी सुपरवायझरना विचारलं, दिवसातून किती वेळा ओढली जाते? ते म्हणाले, ‘सर, ती ऑडिटसाठी आहे.’ (हशा)

टोयोटाचं गोड चित्र रंगवून मी जाणार नाही. १९७२ मध्ये सातोशी कामाता नावाचा पत्रकार टोयोटात हंगामी कामगार म्हणून सहा महिने राबला आणि त्याने जे लिहिलं ते वाचताना पाठ दुखायला लागते. जन्मभराची नोकरी त्याच्यासारख्या हंगामी माणसांसाठी नव्हतीच. नुमीवरही टीका झाली. माइक पार्कर आणि जेन स्लॉटर या कामगार चळवळीतल्या दोघांनी १९८८ मध्ये या सगळ्याला ‘ताणाच्या जोरावर चालवलेलं व्यवस्थापन’ म्हटलं: मिनिटातला सेकंद न् सेकंद कामाने भरायचा आणि त्याला सहकार्य म्हणायचं. १९९३ च्या सुमारास नवं मॉडेल सुरू करताना तिथे हातापाठीच्या दुखापती वाढल्या आणि कॅलिफोर्नियाच्या सुरक्षा खात्याने कंपनीला ठपका दिला. तरी एक गोष्ट नुमीच्या बाजूने सांगावी लागेल. १९८८ मध्ये मागणी कोसळली, कारखाना साठ टक्क्यांखाली चालत होता, तेव्हा एकालाही काढलं नाही. करारातच होतं तसं: आधी साहेबांचे पगार कापायचे, बाहेर दिलेली कामं परत आत आणायची, मग कामगाराकडे बघायचं. कामगारांना शिकवण्या दिल्या, भिंती रंगवायला लावल्या. तेव्हापासून लोकांचा विश्वास बसला असं अ‍ॅडलर म्हणतो. दोरी ओढायला हात वर जातो तो या भरवशावर. आपण रांग थांबवली म्हणून आपली रोजी जाणार नाही, हे ज्याला माहीत आहे तोच ती ओढतो.

आणि म्हणून भारतातला अनुभव बघताना मी हेच बघतो. मारुती-सुझुकीचा करार १९८२ चा, पहिली गाडी १९८३ च्या डिसेंबरात. सगळ्यांना एकच गणवेश, एकच कँटीन, साहेबाला बंद खोली नाही. त्या काळच्या सरकारी कंपनीत हे अद्भुतच होतं, आणि ते चाललं. सत्तेतलं अंतर ७७ गुणांचं असलेल्या देशात चाललं! पण २०११-१२ मध्ये मानेसरच्या कारखान्यात काय दिसलं? गणवेश तोच, कवायत तीच. पण मोठा हिस्सा कंत्राटी कामगारांचा, कायम कामगाराच्या शेजारी उभं राहून तेच काम, पगार कितीतरी कमी. कामगारांच्या सांगण्यानुसार चहाची सुट्टी साडेसात मिनिटांची. नवी युनियन मागितली, तर २०११ मध्ये ‘चांगल्या वर्तणुकीच्या’ हमीपत्रावर सह्या मागितल्या गेल्या. १८ जुलै २०१२ ला हिंसाचार झाला, कंपनीतल्या एका अधिकाऱ्याचा जीव गेला. २०१७ मध्ये तेरा कामगारांना जन्मठेप झाली, ११७ जण निर्दोष सुटले; त्यांतल्या बऱ्याच जणांची तोवर वर्षानुवर्षं तुरुंगात गेली होती. तेव्हा वर्तमानपत्रांत काय चर्चा चालली होती आठवतं? जपानी शिस्त आणि हरियाणवी स्वभाव यांचा मेळ बसला नाही. किती सोयीचं स्पष्टीकरण! १९२७ चे मुंबईचे मालक खूश झाले असते.

आता प्रश्न घेऊ. हां, तिकडे मागे.

(प्रश्न: मराठी उद्योजकांनी जपान्यांबरोबर काम केल्याचा अनुभव काय सांगतो?)

चांगला प्रश्न आहे. सगळ्यांत ठळक नाव किर्लोस्करांचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्या चौथ्या पिढीतल्या विक्रम किर्लोस्करांनी टोयोटाबरोबर भागीदारी केली आणि बंगळूरजवळ बिडदीला मोटारींचा कारखाना उभा राहिला. त्या कंपनीची स्थापना १९९७ ची. पण त्याच्याही आधी, १९९५ मध्ये, या दोन घराण्यांची पहिली भागीदारी झाली ती मोटारीत नाही, तर कापडगिरणीच्या यंत्रांत. साकिची टोयोडांचा मूळ धंदा! बिडदीतही पुढे संप आणि टाळेबंदी झाली, २००६ मध्ये आणि परत २०२० मध्ये. तिथेही वाद कामाचा वेग आणि कामावरून कमी केलेली माणसं यांच्याभोवतीच होते.

(प्रश्न: फ्रीमाँटचं पुढे काय झालं?)

२००९ मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली आणि तिने भागीदारी सोडली. टोयोटाने एकटीने चालवायचं नाकारलं. सव्वीस वर्षांत टोयोटाने अमेरिकेत इतर कारखाने काढले होते, तिथे युनियन नव्हती, फ्रीमाँटमध्ये होती. १ एप्रिल २०१० ला शेवटची गाडी, एक कोरोला, रांगेवरून उतरली. साडेचार हजारांहून जास्त माणसं घरी गेली. त्याच वर्षी तो कारखाना टेस्लाने घेतला.